चाळिसावे वाक्य

मी, कनकलता अनिरुद्धराव, वय एकाहत्तर, राहणार तंजावूर, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहिते. डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, एवढेच.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझी भाची लावण्या हिला. तिला देवनागरी वाचता येत नाही. हा कागद तिला कोणीही वाचून दाखवावा, जयलक्ष्मी सोडून.

२. सोल्डरिंगची हत्यारे माझा विद्यार्थी गणेशकुमार यास. नेलेली वस्तू परत आणणारा तो एकटाच.

३. ऊंजलशेजारची सागवानी पेटी. ही मी घडवली. ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, कोणी पाऊण तास स्वस्थ बसले की ती माझ्या कैलासवासी यजमानांच्या आवाजात एक वाक्य बोलते. तेच वाक्य पुन्हा कधीच नाही. किंमत कळावी म्हणून ही अट मीच घातली, आणि मलाच भोवली. शेवटच्या आजारात त्यांनी दार लावून चाळीस वाक्ये भरली. मी दहा मिनिटे बसते, तोवर दूध उतू जाते. माझी जाऊ जयलक्ष्मी, शेजारच्याच घरातली, रोज जेवणानंतर त्याच ऊंजलवर शेवग्याचा पाला निवडत बसते. एकोणचाळीस वाक्ये तिने ऐकली. माझ्या नवऱ्याची!

"काय म्हणाले गे?" विचारले, तर म्हणते, "काय की अक्का, सहज कायतरी." माझा जळफळाट होतो, तो इथे नोंदवते. उरलेले एक वाक्य तिच्या कानी पडू नये. माझ्या पश्चात गणेशकुमारने पेटीची वायर कापावी.

४. साक्षीदाराला काही ठेवू नये असा संकेत आहे. म्हणूनच जयलक्ष्मीला साक्षीदार केले आहे.

५. पुरवणी, आजचीच. दुसरे साक्षीदार सूर्यनारायण यांची तिरुवैयारूची बस उशिरा आली. तोवर आम्ही दोघी ऊंजलवर बसून होतो. रागाने मी बोलले नाही, उठलेही नाही. पाऊण तास झाला आणि पेटी बोलली:

"जयलक्ष्मी, कनका बसली काय गे शेवटी?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "बसली की हो, भावजी."

उत्तरही तिनेच दिले! माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने पदराने पुसले.

सबब वायर कापू नये. रिकामी पेटी जयलक्ष्मीला द्यावी. ऊंजल मात्र मी आहे तोवर माझा. उद्यापासून जेवण झाले की मी त्यावर बसणार. तिने पाला घेऊन यावे.

सही: कनकलता अनिरुद्धराव
साक्षीदार: १) सूर्यनारायण २) ~~जयलक्ष्मी~~ साईप्रिया, समोरच्या घरातली
तंजावूर, १४ फेब्रुवारी २०२५