निम्मा झालेला भाव

यावल,
रविवार, १२ एप्रिल १९९८

चि. धनसिंग यास पुष्पाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते फोडायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसशील, हे मला ठाऊक आहे. फोड. आत भांडण नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतो, पण केळीच्या बागेत चक्कर मारल्याशिवाय त्यांना घास जात नाही. ऊन फार आहे. यशोदाची तब्येत कशी आहे? तिच्या हातचं कैरीचं लोणचं तीन वर्षांत खाल्लं नाही. हे वाक्य लिहिलं खरं, पण ते का खाल्लं नाही ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

जूनमध्ये मी शाळेतून निवृत्त होते. चौतीस वर्षं गणित शिकवलं. निरोपाच्या दिवशी हेडमास्तर नक्की म्हणणार, की बाईंचं उत्तर कधी चुकलं नाही. मान खाली घालून ते ऐकून घेणं मला जमणार नाही, म्हणून आधी हे पत्र.

पोरांना मी सांगते, की उदाहरणात दिलेलं आधी लिहा. म्हणून तुला माहीत असलेलंच लिहिते. त्र्याण्णव साली आई गेली. तिच्या पाटल्या माझ्या वाट्याला आल्या. एस.टी. वर्कशॉपमधला तुझा सोबती वना, त्याने एका फंडाची युनिटं घेतली होती, शेअरसारखी बाजारात विकता येणारी. तू म्हणालास, अक्का, पाटल्या कपाटात ठेवून काय करशील? पाटल्या मोडल्या आणि बत्तीस रुपयांच्या भावाने पाचशे युनिटं घेतली. आमचं घर तेव्हा बांधून व्हायचं होतं, म्हणून कागदावर पत्ता धुळ्याचा, तुझा घातला.

आता माझ्या सासरची खोड तुला माहीत आहे. इथे पेपर आला, की मरणाच्या बातमीआधी केळीचा भाव वाचतात. माझे सासरे, उखर्डू आबा, चाळीस वर्षं रोजचा भाव वहीत उतरवून ठेवत. मी त्यांचीच सून. दर शनिवारी फंडाचा भाव वहीत उतरवू लागले. बत्तीस, पस्तीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस. वर्गात शिकवताना मध्येच तो आकडा आठवायचा आणि मला बरं वाटायचं.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत एका शनिवारी चव्वेचाळीस होता, पुढच्या शनिवारी एकवीस. केळीचा भाव असा आठवड्यात निम्मा झाला, तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. माल सडायला लागलाय, मिळेल त्या भावाने काढून टाक. मी तुला विचारलंसुद्धा नाही. पाचशेच्या पाचशे विकून टाकली.

पुढचं तुझ्या घरी झालं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तू मला घ्यायला आलास, मी गप्प बसून तुझ्याबरोबर धुळ्याला आले, आणि भरल्या पंगतीत, यशोदाच्या माहेरची माणसं बसलेली असताना, ताटावरून उठून म्हणाले, "तू आईन्या पाटल्या बुडाई दिन्ह्यात." शाळेत शुद्ध बोलणारी मी, पण शिव्या द्यायला आपली बोलीच तोंडात आली. आमरसाची वाटी तशीच ठेवून स्टँडवर गेले. तू एक शब्द बोलला नाहीस. तुझं ते गप्प राहणं मी गुन्ह्याची कबुली समजले. त्यानंतरच्या दोन्ही आखाजींना मला न्यायला कुणी आलं नाही, आणि यायचं तरी कशाला?

फंडाचा भाव मात्र मी लिहीतच राहिले. विकून मोकळी झाले होते, तरी तो अजून किती बुडतो ते मला बघायचं होतं. तुझी बहीण अशी आहे.

या जानेवारीत दहावीला आलेख शिकवायचे होते. पोरांना जवळचं उदाहरण द्यावं म्हणून आबांच्या वह्यांवरून केळीच्या भावाचा आलेख काढत ओट्यावर बसले होते. आमच्या बागेत कामाला येणारी म्हातारी बेबाबाई पाणी प्यायला आली. साठ-बासष्टच्या सुमारास एका दिवसात भाव पाचावरून एकदम साडेतेरावर गेलेला. मी तिला म्हटलं, बघा, तेव्हा काय चांदी झाली असेल लोकांची! ती हसायलाच लागली. "येका दिसात भाव कुठला चढतो व बाई? तव्हा माप बदललं. मण गेला, क्विंटल आला. हाती यायचे पैसे तेवढेच."

खरंच, आबांनी तिथे तांबड्या शाईने आडवी रेघ मारलेली होती. रेघेच्या वरचे आकडे मणाचे, खालचे क्विंटलचे. वर-खालचे आकडे एकत्र वाचायचे नाहीत, एवढंच ती रेघ सांगत होती. मी माझी फंडाची वही काढली, तिच्यात अशी रेघ कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जळगावच्या वाचनालयात गेले, त्या फेब्रुवारीचे पेपर काढले. फंडाच्या एकवीस या आकड्याशेजारी दोन बारीक अक्षरं छापलेली होती. मी आकडा उतरवला होता, अक्षरं सोडली होती. तिथून दलालाच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, त्या अक्षरांचा अर्थ, त्यांनी बोनस दिला. एकाची दोन युनिटं केली. ज्याच्याकडे पाचशे त्याची हजार झाली. मग एकाचा भाव निम्मा दिसणारच. आधीचे सगळे आकडे निम्मे करा आणि मग वाचा."

घरी येऊन सगळे आकडे निम्मे केले. बत्तीसचे सोळा झाले, चव्वेचाळीसचे बावीस. आलेख पुन्हा काढला. सरळ खाली कोसळणारा कडा कुठेच नव्हता, धनसिंग. सोळावरून सावकाश चढत चढत बावीस, मग एकवीस, आणि तिथून पुढेही बरा. दर वर्षी मध्ये थोडी घसरण दिसायची, तीही तुझ्या नावाने मोजून ठेवली होती मी. ती लाभांश वाटल्यामुळे होती. त्या लाभांशाचे चेक तू न चुकता पाठवलेस आणि मी न चुकता वटवले. एकाची तर पैठणी घेतली.

तुझं काही चुकलं नव्हतं. मी चुकले. भर पंगतीत चुकले.

हे कळूनही मी तीन महिने लिहिलं नाही. आधी वाटलं परीक्षा होऊन जाऊ दे, मग वाटलं पेपर तपासून होऊ देत. आणि तीन पानं झाली तरी खरी गोष्ट अजून लिहिलेली नाही. लिहिते.

त्या आखाजीनंतर, जूनमध्ये, तुझं रजिस्टर पाकीट आलं होतं. आमचा पोस्टमन पुना दारात उभा. वर तुझं अक्षर. मी म्हटलं, परत पाठव. तो म्हणाला, "बाई, भावाचं हाये न?" मी म्हटलं, म्हणूनच. त्याने त्यावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि मी सही केली. दाजींना आजतागायत सांगितलेलं नाही. त्या पाकिटात माझी उरलेली पाचशे युनिटं होती, हो ना? ती आली तेव्हा तुला काय वाटलं असेल आणि पाकीट परत आलं तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार मी जानेवारीपासून करते आहे. चुकीचं बोलणं रागात होऊन जातं. पण ती सही मी शांतपणे, पेनाचं टोपण नीट काढून केली. त्याची मला लाज वाटते.

युनिटं तुझ्या मुलीच्या नावावर कर, कागद पाठव, मी सही करते. मला ती नकोत.

आखाजी एकोणतीस तारखेला आहे. मला न्यायला येऊ नको, तो मान मी घालवला आहे. मी एकटी येईन. यशोदाच्या माहेरची तीच माणसं बोलावून ठेव. त्यांच्यासमोर मला बोलायचं आहे.

तुझी,
पुष्पाअक्का

---

धुळे,
सोमवार, २० एप्रिल १९९८

ती. अक्कास धनसिंगचा नमस्कार.

पत्र शुक्रवारी पोचलं. यशोदाने दोनदा मोठ्याने वाचलं. मला लिहायची सवय नाही, हात पाना-हातोडीचा आहे, तरी मीच लिहितो.

तू एक गोष्ट चुकीची समजलीस. मी गप्प बसलो तो मोठ्या मनाचा म्हणून नाही. मला वाटलं तू खरं बोलतेस. बोनसचं तेव्हा मलाही माहीत नव्हतं, वनालाही नव्हतं. त्यानेही भाव निम्मा झाल्यावर विकली. आईच्या पाटल्या मीच बुडवल्या असं समजून मी महिनाभर नीट जेवलो नाही.

जूनमध्ये बोनसचे कागद आले तेव्हा समजलं. मी तुला दोन ओळी लिहायला पाहिजे होत्या. मुद्दाम लिहिल्या नाहीत. नुसते कागद पाठवले. उघडेल आणि तिची तिलाच लाज वाटेल, असं माझ्या मनात होतं. म्हणून ते पाकीट परत आलं ते बरंच झालं. आत कागद होते, पण पाठवताना मन साफ नव्हतं. ते कपाटात तसंच बंद आहे. कुणाच्या नावावर करायचं ते नंतर बघू.

आता माझं ऐक. शहाण्णवच्या आखाजीला मी तुला न्यायला आलो होतो. यावल स्टँडवर उतरलो, चहा घेतला, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि त्याच गाडीने परत गेलो. सत्त्याण्णवलाही तसंच केलं. यशोदाला सांगितलं, अक्का नाही म्हणाली. दोन वर्षं ती तुला बोल लावत होती आणि मी ऐकत होतो. काल तिला खरं सांगितलं. तिने ताट माझ्यापुढे आपटलं आणि म्हणाली, "आते अक्काले लिसनीच या, नही त या नका."

तू एकटी यायचं नाही. बहिणीने न बोलावता यावं, अशी पद्धत आपल्या घरात नाही. माणसं कुणी बोलावणार नाही. जे बोलायचं ते आपण तिघं बोलू.

सत्तावीसला, सोमवारी, सकाळच्या गाडीने येतो. दाजींना सांगून ठेव. या वेळेस दारापर्यंत येतो.

दोनदा गल्लीच्या तोंडावरून परत गेलेला,
धनसिंग