आजारी पडताच सुटलेला कैदी

सेंट वेंडल, कॅन्सस
गुरुवार, ३० जानेवारी २०१४

मंगळवार, १४ जानेवारी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. नेमक्या या वेळी, इस्पितळाच्या तातडीच्या दारात, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या तुझ्या सख्ख्या मामाला तुमच्या काउंटीनं स्वातंत्र्य बहाल केलं. त्याच्या पोटात तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं.

चिरंजीव गिल्बर्ट यास इर्मामावशीचे अनेक आशीर्वाद. तू, शॅरन आणि मुलं सुखरूप असाल, तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. (आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर पर्पेटुआ शिकवायच्या की रागाच्या पत्रातही समोरच्याची प्रकृती आधी विचारावी. पुढचं वाचून ती बिघडली, तर निदान आपण विचारली होती एवढं समाधान राहतं.) माझी तब्येत बरी आहे. गुडघा वाऱ्याच्या दिवशी दुखतो, आणि आपल्याकडे बिनवाऱ्याचा दिवस कधी असतो ते तू मला सांग. तू माझ्यापासून चार घरांवर राहतोस, तरी हे पत्र रजिस्टर टपालानं पाठवते आहे, कारण मी चाळीस वर्षं पोस्टात काढली आहेत आणि पोचपावतीची सही ही काय चीज असते ते मला ठाऊक आहे. शिवाय हे पत्र भाच्याला कमी आणि काउंटी मंडळाच्या अध्यक्षांना जास्त आहे. भाच्याला मी रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं असतं.

आता तुझा सेव्हरिनमामा तुरुंगात कसा गेला, हे तुला माहीत आहे. पण तू हे पत्र मंडळातल्या बाकीच्यांनाही दाखवणार आहेस, म्हणून मुळापासून लिहिते. माझा हा धाकटा भाऊ वय वर्षं बासष्ट, लग्न न झालेला. (लग्नाला खर्च येतो.) त्यानं ऑक्टोबरात, काउंटीची बंदी असताना, वाऱ्याच्या दिवशी शेतातला कचरा जाळला. आग रस्त्याच्या कडेच्या गवतात गेली आणि 'कचरा जाळण्यास मनाई आहे' ही तुमचीच पाटी जळाली. न्यायाधीशांनी सांगितलं, दंड भरा नाहीतर तीस दिवस आत बसा. सेव्हरिनला हा प्रश्न पडण्यासारखा वाटलाच नाही. जानेवारी महिना, गहू जमिनीत झोपलेला, शेतावर काम नाही. त्यानं घरातले नळ गोठू नयेत म्हणून रिकामे केले, घर तापवायची गॅसची भट्टी बंद केली, कोंबड्या माझ्या गॅरेजात आणून सोडल्या आणि अंघोळ करून तुरुंगात हजर झाला. मी म्हटलं, "अरे, लाज नाही वाटत? बाबांच्या घराण्यात कोणी तुरुंग पाहिला नाही." तर म्हणतो, "बाबांना कोणी फुकट बोलावलं नव्हतं."

आत तो सुखात होता, हे मी कबूल करते. साडेचारला रात्रीचं जेवण, रविवारी पुडिंग, पत्ते खेळायला तीन गडी. दिवसा दिवा चालू ठेवला म्हणून त्यानं पहारेकऱ्याला दोनदा टोकल्याचंही मला कळलं. काउंटीला असा कैदी पुन्हा मिळायचा नाही.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग त्याचं पोट दुखायला लागलं, शनिवारी. आता इथे अध्यक्षमहाशयांची कर्तबगारी सुरू होते. गेल्या वसंतात तू मंडळात दोन ठराव करवून घेतलेस. पहिला असा, की कैद्याला नर्सला भेटायचं असेल तर चिठ्ठी भरायची आणि प्रत्येक चिठ्ठीला दहा डॉलर फी, म्हणजे उगीच कण्हणारे आपोआप गप्प बसतील. दुसरा ठराव असा, की एखादा कैदी खरोखरच इस्पितळात न्यायच्या लायकीचा झाला, तर न्यायाधीशांना फोन करून त्याला तेवढ्यापुरतं सोडून द्यायचं. ताब्यातल्या माणसाचं औषधपाणी काउंटीवर, पण मोकळ्या माणसाचं बिल ज्याचं त्याच्यावर. चर्चच्या सुगीच्या जेवणाच्या वेळी तू बशी हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होतास आणि सांगत होतास, "तुरुंगाचा औषधखर्च मी निम्म्यावर आणला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तुझी आई वरून बघत असेल असं मला वाटलं. खर्च निम्म्यावर कसा आला हे कोणी विचारलं नाही. कुठे गेला हे तर नाहीच.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. ठरावांच्या आदल्या साली एका कैद्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत ओढ्यावरच्या पुलाचे पैसे गेले, आणि अजून शाळेची बस सहा मैलांचा वळसा घालते. लहानशी काउंटी, लोक मोजके, कर देणारे त्याहून मोजके. पैसा वाचवणं पाप नाही. आपण सगळे त्यावरच मोठे झालो. पण काउंटीनं वाचवलं, नर्सला आठवड्यातून दोनच दिवस बोलावून वाचवलं, आणि तुमच्या चिठ्ठीशी गाठ पडली तो गडी होता सेव्हरिन. अरे, ज्या माणसानं दहा डॉलर वाचवायला स्वतःची दाढ पक्कडीनं काढली, तो दहा डॉलर देऊन पोट दाखवील? कोठडीतला सोबती म्हणाला, "काका, फी मी भरतो." तर हा म्हणतो, "उसने घेतलेले दहा परत करताना जास्त दुखतात." सोमवारी नर्स आली आणि गेली, हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मंगळवारी दुपारी त्याचा चेहरा वाटाण्याच्या सुपासारखा झाला, तेव्हा त्या सोबत्यानंच दार बडवून शेरीफच्या हाताखालच्या व्हर्नॉनला बोलावलं.

व्हर्नॉननं गाडी पळवली, ते चांगलं केलं. पण इस्पितळाच्या दाराशी आल्यावर त्यानं खुर्ची आत ढकलायची सोडून खिशातून कागद काढला. (यात त्याचा दोष नाही, त्याला तसा हुकूम आहे. हे सगळं मला तिथल्या नर्सनं सांगितलं.) "सेव्हरिनकाका, इथं सही करा. तुम्ही सुटलात." सेव्हरिन दोन घड्या पडल्यासारखा वाकलेला, तरी म्हणतो, "माझे दिवस बाकी आहेत." व्हर्नॉन म्हणाला, "ते नंतर बघू, आत्ता तुम्ही मोकळे." यावर माझ्या भावानं एकच प्रश्न विचारला: "सुटायची फी किती?" फी नाही हे दोनदा वदवून घेतल्यावरच त्यानं सही केली. मग त्याला आत नेलं.

मला इस्पितळातून फोन आला, मी पोचले, आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, खर्च कोण करणार. मी ऐटीत सांगितलं, "तो कैदी आहे, काउंटीला विचारा." त्या म्हणाल्या, "नाही हो, ते आत्ताच दारात सुटले." गिल्बर्ट, मी सत्तरीची बाई, गुन्हेगारांशी माझा संबंध टपालापुरता, पण सुटका म्हटल्यावर मी हातात टोपी घेऊन फाटकातून बाहेर पडणारा माणूस डोळ्यांपुढे आणत होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवून सुटका करतात, हे मला नवीन होतं. विमा त्यानं कधी उतरवला नाही. (विमा म्हणजे न जळलेल्या घराची राख विकत घेणं, असं तो म्हणतो.) तेव्हा बिल त्याच्या नावे निघालं. ते वाचायला त्यानं माझा चष्मा मागितला, मग चष्मा काढून मला परत दिला.

सहा दिवसांनी तो माझ्या घरी आला आणि माझं घर तुरुंग झालं. पहाटे पाचला उठून तो खोलीच्या दारात सरळ उभा राहतो, कारण तिथे त्या वेळी मोजणी व्हायची. मी स्वयंपाकघरातून "एक" असं ओरडेपर्यंत हलत नाही. जेवण साडेचारला मागतो. मी केलेले बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, खाऊन म्हणाला, "चांगले आहेत, पण तिथे रविवारी पुडिंग असतं." काल मला विचारलं, बाहेर कोंबड्यांकडे जाऊ का. मी म्हटलं, जा की. तर म्हणतो, "बरोबर कोण येणार?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण परवा, मंगळवारी सकाळी, व्हर्नॉन आला. टोपी काढून बसला, दोन बीरॉक खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला आणि मग म्हणाला, "मावशी, टाके निघाले ना? मग काकांचे उरलेले दिवस पुरे करायला हवेत. तुम्हीच आणून सोडाल का? आमच्या पेट्रोलला सध्या कात्री लागली आहे." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणतो, "आणि त्यांच्या गोळ्याही द्या बरोबर. तिथे त्या मिळायच्या नाहीत." मी त्याला विचारलं, चादर-उशी पण आणू का. त्याला ते खरंच वाटलं, म्हणाला, "उशी आणलीत तर बरंच."

आता अध्यक्षमहाशय, माझ्या धंद्यातलं सांगते. पार्सल फुटलं की पाठवणाऱ्याचं आणि धड पोचलं की आमचं, असं पोस्टानं म्हटलं असतं तर लोकांनी मला तिकिटांच्या खिडकीतून बाहेर ओढून काढलं असतं. ताबा घेतला तर घेतला. सेव्हरिन १४ तारखेला तुमचा कैदी होता, तर त्याचं बिल भरा. तो मोकळा नागरिक होता, तर मोकळ्या नागरिकाला मी माझ्या पेट्रोलनं तुरुंगात नेऊन घालणार नाही, उशीसकट तर नाहीच. या दोन्हींपैकी जे मंडळाला परवडेल ते निवडा. दोन्ही मिळणार नाहीत. आणि फुकटचा सल्ला हवा असेल, तर ती दहा डॉलरची चिठ्ठी बंद करा आणि नर्सला रोज बोलवा. शनिवारी कोणी त्याच्या पोटाला हात लावला असता, तर इतकं महाग काही झालंच नसतं. एवढा हिशेब सिस्टर पर्पेटुआ आम्हाला चौथीत घालायच्या.

शॅरनला आशीर्वाद. मुलांना गोड पापा. गॅरेजातली जी कोंबडी त्यांनी आपली म्हणून ठरवली आहे, ती अजून अंडी देत नाही असं कळवावं. दिली की पाठवीन.

तुझी मावशी,
इर्मागार्ड वासिंगर
(निवृत्त पोस्टमास्तर)

ता. क. सेव्हरिनला हे पत्र दाखवलेलं नाही. तो तुमच्या बाजूचा आहे. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. दिवस पुरे केले नाहीत तर राहिलेल्या दिवसांचा दंड भरावा लागेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी म्हटलं, दंड मी भरते. त्यावर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बँक लुटायला निघाले आहे.

ता. क. दुसरा. डॉक्टर म्हणतात, जखम वरून मिटली आहे, आत अजून नाही. ताप आला किंवा दुखलं, तर त्याच दिवशी दाखवा. त्याच दिवशी, गिल्बर्ट. आज सकाळी न्याहारीला तो डाव्या हातानं पाव खात होता आणि उजवा कुशीवर दाबलेला. मी विचारलं, दुखतंय का. "नाही." मी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, "डॉक्टर घरी बघायचे किती घेतात?" मी खोटं बोलले, काही घेत नाहीत म्हटलं. मगच त्यानं सदरा वर केला. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं, या वेळी वेळेत झालं. तुमच्या कोठडीत त्याला असं खोटं सांगायला कोणी नाही. तिथे तो भिंतीकडे तोंड करून पडेल आणि या खेपेला उठणार नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. वर बिलाबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण मंडळाला फार जड जात असेल तर बिल आमच्या डोक्यावर राहू दे. आम्ही ओढ्याकाठचं शेत विकू. मला फक्त एक कागद हवा आहे: सेव्हरिनचे उरलेले दिवस माझ्या घरी भोगले असं धरलं जाईल, आणि त्याला परत आत नेणार नाही. पहाटे मोजणी मी घेतेच आहे. तोंडी निरोप नको, तो तोंडी काही मानत नाही, आणि माझं तर मुळीच नाही. कागदावर काउंटीचा शिक्का हवा. हे लेखी उत्तर सोमवारी, ३ फेब्रुवारीला, सकाळी नऊला मंडळाची बैठक सुरू होण्याआधी माझ्या हातात पडलं पाहिजे. पाकीट आणि तिकीट सोबत जोडलं आहे, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नकोस.