जवसाचं दुसरं पोतं

रेड नदीकाठ, नॉर्थ डकोटा
१४ एप्रिल १९०८

प्रिय हाल्वोरदादा,

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. इंगावहिनीचा खोकला थांबला हे वाचून हायसं वाटलं. इथे बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. औत शेतात घालता येत नाही, म्हणून कृषी कॉलेजातले आमचे प्रोफेसर दिवसभर कुणा ना कुणावर खेकसत असतात.

पेपरात वाचलंस ते खरं आहे. चौदा वर्षं आम्ही त्याच एका तुकड्यात जवसावर जवस पेरतोय, माती मुद्दाम नासवतोय. रोप वीतभर वाढतं, मान टाकतं आणि आठवड्यात तपकिरी होऊन आडवं पडतं. त्यातून जी चार-दोन उभी राहतात, त्यांचंच बी धरायचं आणि पुन्हा तिथेच पेरायचं. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा अख्खी ओळ निळी फुलली. या मर रोगाला न बधणारं बी आता आमच्याकडे आहे. त्याचं एक पोतं तू मागितलंस.

त्याआधी एक सांगतो. मागच्या महिन्यात एक बाई सात मैल चालत इथे आली. एप्रनच्या झोळीत जवसाची वाळकी काटकं. अपोलोनिया बाउमगार्टनर, तुझी पूर्वीची शेजारीण. मला ती ओळखत नव्हती. प्रोफेसरांना म्हणाली, "साहेब, नवी जमीन फोडली होती मी. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

प्रोफेसर घाईत होते. "एविंद, बाईंना समजावून सांग," म्हणाले आणि गेले.

मी विचारलं, "बी कुठलं होतं?"

"हाल्वोरनं दिलं. मी विधवा, म्हणून अर्धं पोतं फुकट दिलं हो! त्याचा भाऊ इथेच असतो म्हणे. त्यानंच पाठवलं होतं. देवमाणूस असणार."

जमीन सोडून ती आता इथून सात मैलांवरच्या गावात लोकांचे कपडे धुते. हात कोपरापर्यंत सोललेत. तिची धाकटी मुलगी या हिवाळ्यात गेली. मी तिला सांगितलं, "बाई, तुमचं काही चुकलं नाही." पुढचं सांगितलं नाही. ती माझे आभार मानून गेली.

तू लिहितोस, "तू दिलेलं बी चांगलंच असणार, माझ्याच जमिनीत खोट निघाली." दादा, तुझ्या जमिनीत खोट नव्हती. तीन वर्षांपूर्वीचं ते पोतं मी मेलेल्या ओळींतून भरलं. सुकलेल्या बोंडांचं बारीक बी, भुसा आणि वर दोन फावडी तिथलीच माती. मर अशीच पसरते, हे मला प्रोफेसरांइतकंच ठाऊक होतं. पहिल्या वर्षी थोडं मरेल, दुसऱ्या वर्षी अर्धं, तिसऱ्या वर्षी सगळं, हा हिशेबही ठाऊक होता. तुझी आभाराची पत्रं मी प्रत्येक वेळी दोनदा वाचली.

का, ते तुला माहीत आहे. आई भ्रमिष्टासारखी करायला लागली, तेव्हा "चल, चर्चला जाऊ" म्हणून तिला गाडीत बसवलंस आणि कौंटीच्या निराधारगृहात सोडून आलास. मला कळलं पाच महिन्यांनी. मी गेलो तेव्हा ती रविवारची शाल गुंडाळून दाराशी बसली होती. म्हणाली, "थांब जरा, हाल्वोर घोडी बांधून येतोय." मरेपर्यंत तिनं ती शाल कुणाला काढू दिली नाही.

मला अपोलोनियाबाईंचं वाईट वाटतं. झोप उडावी इतकं वाटतं. तू कधी कुणाला फुकट काही देशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला आज वेगळं पत्र लिहिलंय, सगळं खरं. तुझं मात्र वाईट वाटत नाही. प्रयत्न करून पाहिला.

या पत्रासोबत गाडीनं एक पोतं येईल. प्रोफेसरांनी स्वतःच्या हातानं मापून दिलंय. त्यांना मी "भावासाठी" एवढंच सांगितलं. हे बी चांगलं आहे. पेरलंस तर तुझ्या त्या मेलेल्या जमिनीतही उगवेल. पण उघडून, हुंगून, तळहातावर घेऊन तुला काहीही कळणार नाही. आधी थोडं पेरून बघायला तुझ्याकडे आणखी एक वर्ष उरलेलं नाही. पेरणीला पाच आठवडे आहेत. तोवर ते कोठारात राहील, आणि तुला फक्त माझ्या शब्दावर ठरवायचंय.

आईचा धाकटा,
एविंद