पौषातला मुराळी

॥ श्री ॥

रोहिणखेड, तालुका मलकापूर
पौष शुद्ध चतुर्थी, शके १८५७

चि. सौ. मनकर्णा हीस शालिग्रामचे अनेक आशीर्वाद.

सासऱ्याचं सुनेला पत्र, तेही कार्डावर नाही, बंद पाकिटात, हे पाहून तुझे वडील किसनराव दोनदा चष्मा पुसतील. पुसू देत. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझी सासू झुंबरबाई खुशाल, तुझा नवरा चि. उत्तम खुशाल, ढोरं खुशाल. मी तेवढा खाटेवर आहे. मोडीत लिहिलं असतं तर हात भरभर चालला असता, पण तू शाळेत बाळबोध शिकलेली, म्हणून एकेक अक्षर ओळीला टांगत बसलो आहे. अक्षराला हसू नकोस.

खाटेवर का, ते सांगतो. कार्तिकात ज्वारी दाण्यात आली आणि भोरड्यांचा थवा उतरला. काळी डोकी, गुलाबी अंग, आणि भूक तर अशी की वावरच्या वावर कणसं रिकामी. मी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवली. धोंडा गेला एकीकडे आणि मी गेलो दुसरीकडे. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि संक्रांतीपर्यंत पाय भुईला लावू नका म्हणून बजावलं. घरात अंधारात पडून जीव विटला, म्हणून उत्तमनं खाट परसात टाकून दिली. आता सकाळपासून ऊन कलेपर्यंत मी आणि बोरीचं झाड.

तुला आठवत असेल, तू परसात कण्या टाकायचीस तेव्हा मी किती करवादायचो. सासरा शेतात पाखरं हाणतो आणि सून घरी त्यांना पंगत वाढते, लोक काय म्हणतील, असं तुझ्या सासूला ऐकवायचो, म्हणजे तुला ऐकू जावं. तू डोक्यावरचा पदर सावरून आत जायचीस आणि मी वावरात गेलो की पुन्हा कण्या टाकायचीस. मला सगळं कळत होतं. आता जन्मभर ज्यांच्यामागे गोफण घेऊन धावलो तीच पाखरं माझ्या खाटेच्या पायाशी येऊन बसतात. मोडक्या पायाचा म्हातारा काय करणार आहे, हे त्यांनाही ठाऊक झालं आहे.

सातभाई रोज येतात आणि रोज भांडतात. पाचोळा उकरताना एकाला किडा सापडला की बाकीचे सगळे त्याच्यावर धावून जातात, आणि मांजर दिसलं की तेच सगळे एक होऊन मांजरावर ओरडतात. मोरीच्या पाण्याशी धोबीण येते, शेपूट वरखाली करत चिखलात चालते आणि तिचे पाय मात्र स्वच्छ. हुदहुद तुरा उघडून जमीन टोचत फिरतो. शेजारच्या अजीजुन्निसाबी भिंतीवरून डोकावून मला सांगतात की, हे पाखरू हजरत सुलेमानाचं, याला दगड मारू नका. मी म्हटलं, बाई, दगड मारायला उठतो कोण?

आणि तुझा तो शेपटी हलवणारा आला आहे. काळं अंग, विटकरी पोट, आणि शेपूट असं थरथरतं की हिव भरलं आहे जणू. त्याच कुंपणाच्या त्याच खुंटावर. तू मागच्या हिवाळ्यात तुझ्या सासूला सांगत होतीस की, तो दसऱ्याच्या सुमारास येतो आणि शिमग्याला जातो. तेव्हा मी मनात म्हटलं होतं की, पोरीला काही काम उरलं नाही. यंदा खाट परसात आली तेव्हापासून मीच खुंटाकडे पाहत होतो. दिसला त्या दिवशी मी हाक मारून झुंबरबाईला बाहेर बोलावलं. ती पिठाच्या हातानं धावत आली, तिला वाटलं खाटेवरून पडलो. पाखरू दाखवल्यावर जे काही बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगू का? ही सगळी पाखरं कोणाला तरी सांगावीशी वाटतात आणि ऐकणारं माणूस घरात नाही. मला तुझी आठवण येते. सासऱ्यानं सुनेला असं लिहू नये, पण येते. आणि बाळाबद्दल मी आजवर एक अक्षर लिहिलं नाही, तेही लिहितो. श्रावणात किसनरावांचं कार्ड आलं, ते मी ओसरीवर वाचलं आणि खिशात ठेवून वावरात गेलो. माझी नात मी पाहिली नाही. तिचं नावही ठेवणं झालं नाही, त्याआधीच ती गेली. तू काय सोसलं असशील ते मला कळतं असं म्हणत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं, एवढंच.

एक गंमत लिहितो. तू गेल्यावर तुझा पाखरांच्या पाण्याचा मातीचा परळ कोरडा पडला असेल असं मी धरून चाललो होतो. पण खाट परसात आली तेव्हापासून पाहतो तर परळ रोज सकाळी काठोकाठ भरलेला. झुंबरबाईला विचारलं. ती म्हणाली, "मले काय तेवढा एकच धंदा आहे?" अजीजुन्निसाबींना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. मग एक दिवस उजाडताच खाट बाहेर टाकायला लावली आणि पांघरुणातून पाहत पडलो. उत्तम तांब्या घेऊन आला. शिळं पाणी ओतलं, परळ बोटांनी घासला, नवं पाणी भरलं. तेवढ्यात त्याला माझे डोळे उघडे दिसले. गड्यानं काय करावं? परळातलंच पाणी घेऊन तोंड धुवायला लागला! मी कूस पालटली. हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

उद्या पिंजारी येणार आहे, परसात बसूनच गादीचा कापूस पिंजील. धनुकलीच्या आवाजानं पाखरं दिवसभर फिरकायची नाहीत. गादी कोणासाठी ते पुढे कधी लिहीन.

पौष शुद्ध अष्टमी

वरचं लिहून पत्र उशीखाली ठेवलं होतं. पाठवावं की चुलीत घालावं ते ठरत नव्हतं. आता पाठवायचंच आहे. आणि जे टाळत होतो ते आधी लिहितो.

गादी उत्तमच्या दुसऱ्या लग्नासाठी होती. संग्रामपूरकडचं स्थळ आलं आहे. पौषात सोयरीक बोलत नाहीत म्हणून माघ लागला की बैठक करायची, असं झुंबरबाईनं आणि तिच्या भावानं ठरवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. पाय मोडलेला माणूस गप्प बसला की सगळे हो समजतात. तुझ्या सासूवर राग धरू नकोस. ती रोज तुझी वाट पाहत होती. दसरा गेला, दिवाळी गेली, किसनरावांचं कार्ड यायचं, त्यात 'मुलीची प्रकृती ठीक आहे' एवढंच. पाठवतो असा शब्द नाही. तिनं मनाशी घेतलं की, पोरीचं मन उडालं, त्यांना पाठवायचीच नाही. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

पिंजारी म्हणजे अजीजुन्निसाबींचा भाऊ कय्यूम. हिवाळ्यात तो धनुकली खांद्यावर टाकून घाटावर जातो, गावोगाव फिरतो. पंचमीला परसात बसून कापूस पिंजता पिंजता म्हणाला, "मामू, मी मेहकराकडे तुमच्या व्याह्याच्या घरी गेल्तो ना. त्याईची गादी पिंजली." माझा कान तिकडेच होता, पण मी पाखरांकडे पाहतो आहे असं दाखवलं. तो पुढं बोलला, "तुमची सून भेटली. सुकून गेली बिचारी. मले म्हने, कय्यूमभाई, आमच्या परसात तो शेपूट हालोनारा आला का? म्या म्हटलं, बाई, मले काय मालूम, मी तं आता घाटाखाली जाईन तवा पाहीन."

मी विचारलं, "अजून काय म्हने?"

"ते काही नाही म्हनली. तिची माय बोलली. म्हने, सासरचं कोनी फिरकलं नाही. ना न्यायले मुराळी, ना लुगडं. लेकरू गेलं तं पोरीलेच टाकून देल्लं त्याईनं. आमी कोन्या तोंडानं आपल्या हातानं पोर नेऊन घालावं?"

झुंबरबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "पन बाळतपन माहेरी झाल्यावर माहेरचेच पोचोते ना पोरीले? आपन त्याईची वाट पाहून राह्यलो!"

कय्यूमनं धनुकली थांबवली. "ते इकडे, मामी. घाटावर तसं नाही. तिकडे सासरचा मुराळी लुगडं घेऊन गेल्याबिगर कोनी लेक धाडत नाही. मंग लेकरू गेलं असलं तं बिलकुलच नाही. मानसं म्हनतीन, पोर लोटून देल्ली."

मने, एवढंच होतं ते. आमच्या रीतीनं आम्ही वाट पाहत बसलो आणि तुमच्या रीतीनं तुम्ही. दोन्ही घरं मानानं ताठ बसली आणि मधल्यामध्ये तू. राजूरचा घाट चढून जायला मोटारीला तास लागत नाही, आणि कोणाला एक शब्द विचारायचं सुचलं नाही. ते विटकरी पोटाचं पाखरू कुठल्या मुलखातून आपल्या परसात येतं, त्याला मुराळी लागत नाही. माणसांना लागतो, आणि आम्ही तो धाडला नाही. झुंबरबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सहा महिने पोर काय म्हनत असंन मले?"

उत्तम वावरातून आला तेव्हा त्याला बोलावून सांगितलं. तुझा नवरा कसा आहे ते तुला माहीत आहे, त्याच्याकडून एक वाक्य काढायचं तर बैल विकत घेणं सोपं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी दुसरी करनारच नव्हतो. मले कोनी इचारलंच नाही." बादली उचलता उचलता पुन्हा म्हणाला, "पन तिले यायचं का नाही, ते तिले इचारा. ओढून आनू नका." आणि ढोरांना पाणी पाजायला निघून गेला.

संग्रामपूरला मी नकार कळवला आहे. तू आलीस तरी नकार आणि न आलीस तरी नकार, तेव्हा ते ओझं तुझ्यावर नाही.

आता मुराळी कोण, असा प्रश्न निघाला. तुला दीर नाही. नवऱ्यानं स्वतः बायकोला आणायला जायचं म्हणजे दोन्ही गावांना हसायला कारण. झुंबरबाई म्हणाली की, माघ लागू द्या, मग माझ्या भावाला धाडू, पौषात सून आणत नाही कोणी. मी म्हटलं, पौषात कोणी सोयरीक बोलत नाही, कोणी काही करत नाही, म्हणून तर सगळा महिना मोकळा आहे. आणि तुझा भाऊ कशाला? मी जातो. ती म्हणाली, "सासरा कधी मुराळी होते का? लोकं हसतीन." मी म्हटलं, हसतील. माळ्यावरून पडलो तेव्हाही हसलेच होते.

तर पुढच्या गुरुवारी मी येतो आहे. हाडवैद्याला सांगितलेलं नाही. इथून छकड्यानं सडकेपर्यंत, तिथून मोटार, आणि आधाराला कय्यूम बरोबर आहे. तो म्हणतो की, मामू, मी कापसाचं गाठोडं न्यायचो, आता तुम्हाला नेतो. झुंबरबाईनं पेटीतून लुगडं काढलं आहे, हिरवं, रुंद काठाचं. दिवाळीत तुझ्यासाठीच घेतलं होतं, आणि तू आली नाहीस म्हणून रागानं तळाशी घातलं होतं. घडी मोडून उन्हात टाकलं, पुन्हा घडी घातली. तुला सांगायला म्हणून एवढंच बोलली, "तिले म्हना, बोलनार काहीच नाही मी. नुसती ये."

किसनरावांना आणि तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांना हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव, माझी हरकत नाही. चूक दोन्हीकडची आहे, पण आधी वाकायचं काम मुलाकडच्यांचं, आणि मी ते करायला येतो आहे. ते रागावून चार शब्द बोलले तर मी ऐकून घेईन.

शेवटचं लिहितो ते नीट वाच. आम्ही बोलावतो म्हणून तू आलंच पाहिजेस असं नाही. ज्या घराच्या आशेनं बाळंतपणाला गेलीस त्या घरी रिकाम्या ओटीनं परत यायचं, हे सोपं नाही, हे मला कळतं. सगळ्यांसमोर तुला विचारलं तर तुला बोलता येणार नाही, आणि तुझ्या वतीनं दुसरंच कोणी बोलेल. म्हणून मी तोंडानं विचारणार नाही. मी अंगणात आलो की पाय धुवायला पाणी येईलच. एक पाय कामट्यांत आहे, तेव्हा एकाच पायापुरतं आण म्हणावं. तुझ्या मनात यायचं असेल तर तो तांब्या तू घेऊन ये. नसेल तर आईच्या हाती पाठव. मी पाय धुईन, चहा घेईन, किसनरावांशी पीकपाण्याचं बोलेन आणि लुगडं तुझ्यासाठी ठेवून निघेन. का, कशासाठी, एक शब्द विचारणार नाही, आणि माझी माया तसूभर कमी व्हायची नाही.

पण मने, तांब्या तूच आण गं.

गुरुवारी तुझ्या अंगणात येणारा,
तुझा मुराळी
शालिग्राम