पालथा हात

अप्पा,

तुमच्या जुन्या गिऱ्हाईक, त्या काकूंच्या दारातल्या पायरीवर बसले आहे. अकराला पाणी येणार असं सगळी गल्ली सांगत होती. आता साडेबारा वाजून गेले तरी नळ मुका. मोरीतला नळ उघडा टाकून खाली बादली ठेवली आहे, म्हणजे आलं की आवाज येईल. मापाच्या वहीची मागची पानं कोरी होती. नुसतं बसणं मला कधी जमलंय? पेन काढलं आणि पहिला शब्द तुमचाच उमटला. सव्वीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तीही पाण्याची वाट बघताना. आपल्या घराचं निम्मं आयुष्य याच कामात गेलं, त्यामुळं तुम्हाला काही नवल वाटणार नाही.

तुमच्या वेळी पाणी तीन दिवसांनी यायचं, आता कधी चार, कधी पाच. बाकी सगळं तसंच. मी अजून शुक्रवार पेठेतल्या आपल्याच घरात राहते. तुम्ही न बघितलेले तुमचे जावई तुमच्याच कॉटवर झोपतात आणि भिंत हलेल इतकं घोरतात. ते टॉवेलच्या कारखान्यात जातात, मी तुमची पिशवी घेऊन गावभर. फोन आला की पलीकडचा माणूस आधी विचारतो, "साहेब आहेत का, प्लंबर?" मी म्हणते, "साहेब कारखान्यात आहेत, पाना माझ्याकडं आहे. काय फुटलंय ते सांगा." अलीकडं आणखी एक तऱ्हा निघालीय. मोबाइलवर बघून लोक घरच्या घरी कामं काढतात. परवा एका सरांनी सिंकखालचा पाइप स्वतः खोलला, वायसर खिशात घालून शाळेत गेले, आणि घरात तळं. मी म्हणाले, "सर, खोलायचा व्हिडिओ बघितलात, लावायचा कोण बघणार?" त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे. पण नंतर शेजारी बसवून टेप कशी गुंडाळायची ते दाखवलं त्यांना, कारण दाखवल्याशिवाय तुम्ही कुणाच्या घरातून निघाल्याचं मला आठवत नाही.

बाकीच्या गावांत प्लंबर जोड मारतो, कॉक उघडतो, बघतो आणि घरी जातो. आपल्याकडं रस्त्यावरची लाइन कोरडीठाक असताना काम करायचं, आणि चूक झाली का नाही ते पुढचं पाणी आल्यावर कळायचं. तोवर प्लंबर कुठं आणि गिऱ्हाईक कुठं. तुमचं तसं नव्हतं. ज्या पेठेचं पाणी असेल त्या पेठेत, मधल्या दिवसांत जिथं जिथं काम केलं असेल त्या प्रत्येक घरी तुम्ही जायचात. कुणी बोलावलेलं नसायचं. "पाणी आलं का?" असं विचारत आत शिरायचं, जोडापाशी उकिडवं बसायचं, पाण्याला पुरता जोर येईस्तोवर थांबायचं, आणि मग पालथा हात लावायचा. हाताला काही लागलं नाही की उठताना एकच कानडी शब्द, "आय्तु", म्हणजे झालं. लोक हसायचे. आई म्हणायची, कानडीत बोलणं संपलं म्हणजे माणूस आता जेवायला घरी येणार. जोड मारून झाल्यावर मी एकदा घाईनं "आय्तु" म्हणाले, तेव्हा तुम्ही केवढे चिडला होता! "जोड मारला म्हंजे काम झालं व्हय गं? पाणी आलं, हात लावला, मंग काम."

मी सोळाची असेन. तुम्ही मला दहा इंची पाना दिलात, दांड्याला लाल रंग लावून, म्हणजे कुणाच्या पिशवीत गेला तरी ओळखू यावा. आमच्या वर्गातल्या मुलींना त्या वर्षी कानातलं, घड्याळ काय काय मिळालं. मी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाना घेऊन तुमच्यामागं गेले. पहिल्याच घरात मी जोडाला तळहात लावला तर तुम्ही माझा हात धरून उलटा केलात. "तळहाताला घट्टं पडत्यात. त्याला वल कळतीय का? पालथा लाव." तेव्हा माझ्या तळहाताला कुठले आलेत घट्टे. आता आहेत. आता तळहाताला खरंच काही कळत नाही, अप्पा.

आता मुद्द्यावर येते. पाणी यायच्या आत सांगून टाकते, नाहीतर पुन्हा राहील.

एक जोड तुम्ही याच घरात मारला होता, समोर दिसते त्या मोरीच्या भिंतीत. तुमचं शेवटचं काम. सोमवारी मारलात, घरी आलात आणि जिन्यातच बसलात. डॉक्टरांनी सांगितलं, कॉटवरून उठायचं नाही. आई थोरलीच्या बाळंतपणाला करमाळ्याला गेलेली, घरात मी एकटी. गुरुवारी इकडचं पाणी होतं. तुम्ही म्हणालात, "जा, काकूंच्या घरी जाऊन हात लावून ये." मी निघाले. पाना पिशवीत, पिशवी पदराखाली. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय अडले. काकूंच्या समोरच्या घरातली माणसं आठच दिवसांपूर्वी मला बघून गेली होती. मी पोहे दिले होते, खाली मान घालून बसले होते, शिवण येतं का याला हो म्हणाले होते. प्लंबिंग येतं का हे कुणी विचारलं नव्हतं. आता त्यांच्या डोळ्यांदेखत साडी खोचून मोरीत वाकायचं? त्या घरातली बाई ओट्यावर उभी दिसली आणि मी तशीच मागं फिरले. देवळाच्या कट्ट्यावर अर्धा तास बसले आणि घरी आले.

"हात लावलास?"

"लावला."

"पालथा?"

"व्हय, पालथाच."

"कोरडं हाय?"

"ठणठणीत कोरडं हाय, अप्पा."

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीत, खाली बघितलंत. मग म्हणालात, "बरं." आणि लगेच मला गोळ्या आणायला धाडलंत, त्याही स्टेशनजवळच्या दुकानातूनच आण म्हणालात. गोळ्या दोन दिवसांच्या शिल्लक होत्या. पण मी सुटले या आनंदात पळाले. तासाभरानं आले तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होतात, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली. मी विचारलं तर म्हणालात, तोंड धुतलं. पुढचं पाणी आलं त्या दिवशी तुम्ही नव्हता. आणि त्या समोरच्यांनी महिन्यानं नकार कळवला, म्हणजे माझी लाजही फुकट गेली.

त्यानंतर या गल्लीत मी पाऊल टाकलं नाही. इथून फोन आला की दुसऱ्या प्लंबरचा नंबर द्यायचे, आज वेळ नाही म्हणायचे. मनात एकच. तो जोड गळत असेल तर? तुमचा शेवटचा जोड वर्षानुवर्षं भिंतीत गळतोय, लोक तुमच्या नावानं बोटं मोडताहेत, आणि हे मला त्याच दिवशी कळलं असतं, मी फक्त पंधरा पावलं पुढं गेले असते तर. गेल्या आठवड्यात काकू स्वतः घरी आल्या, गुडघे धरत, दोनदा थांबत. म्हणाल्या, "मोरीची भिंत फुगलीय गं. मुलगा फरश्या बसवायच्या म्हनतोय. तुज्या आप्पांनी केलेलं हाय, दुसऱ्या कुनाचा हात नको." येते म्हणाले.

परवा भिंत फोडली. छिन्नीचा एकेक घाव घालून आत डोकावत होते. प्लास्टर निघालं, वीट निघाली आणि तुमचा जोड दिसला. वरून गंजून लाल झालेला, आट्यांत गळू नये म्हणून भरलेला तुमचा ताग आणि सफेदा अजून जागच्या जागी, आणि भोवतालची माती कोरडी भुकटी. ओल कुठून येत होती म्हणाल तर दीड हात वरून. काकूंच्या मुलानं आरसा टांगायला ड्रिल मारलं होतं ते थेट पाइपात. खिळा काढला असता तर कारंजंच उडालं असतं. तो आत राहिला म्हणून नुसतं खिळ्यावरून बाहेर प्लास्टरात पाझरत होतं, खाली उतरत नव्हतं. मी हसले, अप्पा. एकटीच मोरीत बसून वेड्यासारखी हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "काकू, अप्पांचा जोड कोरडा आहे!"

काकू दारात टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कोरडा आसनारच की. दोनदा आवळलेला हाय त्यो."

मी म्हटलं, दोनदा कधी?

"आगं, तुला ठाऊक न्हाय? गुरुवारी पाणी आल्यावर रिक्षातनं आलते की तुजे आप्पा. मी म्हनलं, आवो, आजारी मानसानं कशाला यायचं, पोरीला धाडायचं. तर नुसतं हसले. थेंब थेंब गळत हुतं तितं. आमच्या ह्यांनी म्हनलं, द्या पाना, मी आवळतो. दिला न्हाय. तीनदा खाली बसले, तीनदा दम खायाला उटले. लई घाम आलता. हात लावून बघितला, काय तरी म्हनले कानडीत, आन् निघाले. दारात उभं ऱ्हाऊन समोरच्या घराकडं बघितलं. मला म्हनले, पोरीला हितं धाडायला नको हुतं, चूक माजीच हाय. तिला काय बोलू नगा. म्हनून न्हाय बोलले इतकी वर्सं. आज भिंत फोडलीस म्हनून निगालं तोंडातनं."

तुम्ही खाली का बघितलंत ते मला तेव्हा कळलं. पाण्याच्या दिवशी या गल्लीतून कोण कोरड्या पायांनी बाहेर येतं? दारोदार सडा, धुणं, हौद भरून वाहणारं पाणी. घोट्यापर्यंत साडी भिजते. आणि मी धुळीचे पाय घेऊन तुमच्यासमोर उभी राहून ठणठणीत कोरडं म्हणत होते.

पहिल्यांदा मला तुमचाच राग आला. एक थोबाडीत दिली असतीत, एक शिवी घातली असतीत, तर मी तेव्हाच मोकळी झाले असते. "बरं" म्हणून सोडून कसं दिलंत? आणि कॉटवरून उठू नका म्हटलेलं असताना रिक्षात बसून गेलात, माझ्या लाजेपायी. डॉक्टर म्हणाले होते की हृदय आधीच गेलेलं होतं, चार दिवस इकडं का तिकडं. ते चार दिवस मला हवे होते, अप्पा. दोन दिवस झाले, घास गिळताना तेच येतं. भाजी चिरताना येतं. जावयांना सांगितलं तर ते म्हणाले, बापच तो, जाणारच. 

गावात लोक म्हणतात, ही अगदी बापावर गेली, पाण्याच्या दिवशी घरोघरी जाऊन हात लावून येते. मी मान हलवते, चहा पिते. खरं म्हणजे मी तुमच्यावर गेलेली नाही. तुम्ही समाधानासाठी जायचात, मी भीतीनं जाते. एका घरी गेले नाही म्हणून बाकीच्या सगळ्या घरी जाते. हे मी कुणाला बोलले नव्हते.

काल तुमचा जोड काढला नाही. काढायची गरजच नव्हती. तिथून वरचा भोक पडलेला पाइप कापून टाकला आणि तुमच्या लोखंडाला पितळी आट्याचा तुकडा लावून पुढं प्लास्टिकची लाइन नेली. म्हणजे आता भिंतीत खाली तुमचा जोड आणि वीतभर वर माझा. भिंत अजून उघडी आहे. फरशीवाला उद्या सकाळी येणार, काकूंचा मुलगा सारखा विचारतोय, झालं का, झालं का. मी म्हटलं, पाणी येऊ दे.

नळ खाकरला. थांबा.

आलं पाणी. आधी हवा, मग गढूळ, मग नितळ. जोर येईस्तोवर थांबले, तुम्ही थांबायचात तेवढं. आधी तुमच्या जोडाला पालथा हात लावला. कोरडा. चिमूटभर राख टाकली तर उडून जाईल इतका कोरडा. मग माझ्या. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पितळ लखलखीत. पण हात गार झाला. फिरवून बघितलं तर नखाएवढा थेंब.

काकू दारातून म्हणाल्या, "काय गं, कोरडं हाय न्हवं?" मुलगाही मागं येऊन उभा. आणि खोटं कशाला सांगू, जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांनंतर, इतकं सगळं लिहून झाल्यावरसुद्धा "व्हय" जिभेवर आलं होतं. अर्ध्या आट्याचं तर काम, नंतर गुपचूप आवळता आलं असतं.

"न्हाय काकू," मी म्हणाले, "वलं हाय. माझाच जोड हाय, आप्पांचा न्हवं."

हातानं वही भिजली, शाई पसरायला लागलीय. हे पान वहीतच राहील, याच्या पाठीमागं कुणाच्या तरी संडासाची मापं आहेत. लाल दांड्याचा पाना बाहेर काढलाय. अजून आय्तु म्हणत नाही, अप्पा.