रिकाम्या टाकीवरची थाप

३ नोव्हेंबर, वाई

बस्तान बसलं एकदाचं. खंडाळ्याहून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं नवरा-बायको निघालो, मनुबाई मांडीवर तुळशीचा डबा घेऊन आणि मी पान्यांची पेटी घेऊन. कंडक्टरनं विचारलं, आजोबा, संसार हलवताय का? म्हटलं, या वयात दुसरं काय हलणार.

स्टँडवर वीरधवल न्यायला आला. जुने ट्रक हुडकून आणायचे, त्यांची नोंदणी ताजी करून घ्यायची आणि पहिल्यासारखे उभे करायचे, हा त्याचा उद्योग. पलटणीत मी उभा जन्म गाड्या हाकल्या. शिक्षण म्हणाल तर गाडीखाली उताणं पडून आलं तेवढंच. पण पोराला माझा हात पसंत पडला, म्हणून ही चाकरी.

शेड गावाबाहेर आहे. मागं दगडी भिंत, भिंतीपलीकडं उसाचा फड, कडेला आमच्या दोन खोल्या. मनुबाईला जागा आवडली. एवढंच म्हणाली, इथं बोलायला कोण? मी म्हणालो, मी हाय की. तर म्हणते, तुमी गाड्यांशी बोलता.

९ नोव्हेंबर, जत

जतच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला, माळावर बाभळींच्या जाळीत ती गाडी सापडली. लांब नाकाचा ट्रक, पाठीवर पाण्याची टाकी. मालक जिनेंद्रआण्णा, ऐंशीला टेकलेले जैन शेतकरी, बोलणं मऊ. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव पाणी पोचवायला घेतली होती म्हणाले. त्याच साली उभी केली. का, ते बोलले नाहीत आणि मीही खोदलं नाही.

बाभळी तोडायला मात्र त्यांनी लय वेळ लावला. एकेक फांदी आपल्या हातानं बाजूला केली.

टाकीच्या मागच्या पत्र्यावर तळहाताएवढी जागा घासून गुळगुळीत झालेली. मला कौतुक वाटलं. पूर्वी क्लीनर मागं उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे ये मागं, एक म्हणजे थांब. ड्रायव्हर आरशात बघायचा नाही, डोळे झाकून थापेवर गाडी घ्यायचा.

क्रेननं उचलून ट्रेलरवर साखळ्यांनी आवळली. आण्णा डांबरी रस्त्यापर्यंत ट्रेलरला हात लावून चालत आले. लेक सासरी निघाल्यासारखं झालं.

११ नोव्हेंबर, वाई

सांगलीत जुने कागद काढण्यात काल दिवस मोडला. चासीवरचा नंबर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतला. इतक्या वर्षांच्या गंजातून एकेक आकडा उमटला तेव्हा कारकूनसुद्धा खूश झाला आणि चहा सांगितला.

आज गाडी उतरवली. वीरधवल पुढं विंचच्या दोरावर, मी स्टिअरिंगवर. मागून दोन थापा आल्या, मी चाक सरळ धरून येऊ दिली. पुन्हा दोन. भिंत जवळ आली तशी वीरधवलनंच दोर रोखला. उतरून त्या माणसाला शाबासकी द्यावी म्हणून मागं गेलो, तर कोणीच नव्हतं.

पत्रा उन्हानं तडतडला असेल. रात्री मनुबाईनं घेवड्याची आमटी केली होती, दोन भाकरी जास्त गेल्या.

२ डिसेंबर

ब्रेक नवे बसवले. इंजिन खोलून, धुऊन, परत बांधलं. आज खोकत खोकत का होईना, सुरू झालं. वीरधवलनं नारळ फोडला.

मनुबाई दुपारची ट्रकमागं भिंतीच्या सावलीला ज्वारी निवडत बसते. आज तिचं कोणाशी तरी बोलणं कानावर आलं. विचारलं तर म्हणाली, एक बाई येते. तरणी आहे, बोलण्यात कानडी हेल, पायात काही नाही. बस म्हटलं तर बसत नाही, म्हणते गाडी जागेवर लागायचीय अजून.

सगळी शेड फिरून बघितली. फाटकाला आतून कुलूप होतं.

९ डिसेंबर

आण्णांना फोन केला. आज मात्र बोलले.

कस्तुरी त्यांची बायको. क्लीनर परवडत नव्हता म्हणून तीच मागं उभी राहायची. एका गावात विहिरीपाशी टँकर मागं घेताना बायकांची झुंबड उडाली, हंड्यांचा गलका झाला. ती टाकी आणि कठड्याच्या मधे सापडली. एक थाप मारायलासुद्धा तिचा हात मोकळा राहिला नाही.

माळावर ट्रक दरसाल थोडा मागं सरकायचा म्हणाले. बाभळींनी धरून ठेवला होता.

मी विचारलं, मग विकला का? तर म्हणाले, "मी गेल्यावर तिच्यासंगं कोण? तिला अजून ठावं न्हाई वो. ती कामावरच हाय."

१० डिसेंबर

मनुबाईला सगळं सांगितलं. वाटलं, भिईल आणि घरी चला म्हणेल. ती रडली. इतकी वर्षं लेकरू उभं हाय म्हणाली, एकानं पाणी विचारलं न्हाई.

मी चाकरी सोडायचं ठरवलं आहे. गाडीची नोंदणी झाली की निघायचं.

१४ डिसेंबर

साताऱ्याचे आरटीओ साहेब शेडवर येऊन गाडी तपासून गेले. पास. पेढे वाटले.

एक पेढा मनुबाईला द्यायला मागं गेलो. ती उभी होती, तळहात टाकीवर, बरोबर त्या गुळगुळीत जागी. चेहरा शांत. म्हणाली, बाई गेली. कशी गेली विचारलं.

"मीच म्हनलं, जा बाई, दमलीस. तुज्या जागी मी हाय."

पेढा हातातच राहिला.

१५ डिसेंबर

जेवायला आली नाही. हाताला धरून ओढली, हलत नाही. अंगात हे बळ कुठलं. डोळे चाकावर.

मी शेजारी बसून भाकरी भरवली. दोन घास खाल्ले. गाडी लागली की येते म्हणाली.

१७ डिसेंबर

वीरधवल आणि मी, दोघांनी उचलून जीपमध्ये घातली. खंडाळ्याला संयोगिताकडं, लेकीकडं सोडली. 

संध्याकाळी संयोगिताचा फोन. आई घरात नाही.

मी फोन ठेवला आणि सरळ ट्रकमागं गेलो. तिथंच होती. एसटीनं आली. अनवाणी.

१९ डिसेंबर

चाकांमागं ओंडके लावले होते. सकाळी बघतो तर नीट एकावर एक रचून भिंतीकडेला ठेवलेले. आणि गाडी मागं सरकलेली. भिंत आता मनुबाईच्या पाठीला लागायला आली आहे.

मनू, कुणासाठी गं हे —

ओंडके परत लावले. वीरधवल उद्या क्रेन आणतो म्हणाला.

२० डिसेंबर

क्रेन खंबाटकी घाटात अडकली आहे. वीरधवल आणायला गेला.

थापा ऐकून धावलो. गाडी सुटली होती. उडी मारून आत बसलो, ब्रेक दाबून धरला. थांबली. हँडब्रेक धरत नाही. गिअर टाकतो, उडतो. टाकतो, उडतो. फोन खोलीत राहिला. वही तेवढी खिशात —

आरशात तिचा पदर दिसतो. भिंत दिसत नाही. म्हणजे मधे जागाच नाही —

हाका मारल्या. मनू, सर बाजूला. सरत नाही.

दोन थापा.

मग म्हटलं, मनू, दमलीस, जा. तुझ्या जागी मी हाय. मोठ्यानं म्हटलं. तिनं ऐकलं. आवाज घरातल्यासारखाच, मायेचा.

"आवं, हितं येऊन उबं ऱ्हावा, मग जाते. लांबनं म्हनून कुनाची सुट्टी हुती व्हय?"

तिथं जायचं तर ब्रेकवरचा पाय उचलायला —

दोन थापा.

क्रेनचा आवाज अजून नाही. मांडीत पेटका आलाय. पायाखाली ब्रेक दबत चाललाय, खाली, खाली —

दोन.

मनू, माझं ऐक. एक मार गं. एकच थाप, एक —