हौदाचं बूच

१० मे १९३६. किन्हीराजाजवळ

पोचलो एकदाचा! कारंज्याहून मोटारीनं किन्हीराजा, पुढं कोसभर देशमुखांच्या बैलांच्या दमणीत. कंबर मोडली.

पण घर! लोक ‘देशमुखांचा बंगला’ म्हणतात तेव्हा मला वाटायचं, चार खोल्या आणि एक पडवी असेल. हे तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं दगडी घर. दुमजली, वर चारी बाजूंनी लाकडी सज्जा, दिवाणखान्याच्या छतावर रंगवलेले पोपट. समोर फुलबाग, तिच्या मधोमध कारंजं, मागं मोठा हौद आणि संत्र्यांची दोनशे झाडं. जानराव देशमुखांच्या पणजोबांनी हे केवळ उन्हाळ्यात राहायला बांधलं म्हणे. आमच्याकडे उन्हाळ्यात आम्ही फक्त ओसरीवर झोपतो.

घराचं आणि बागेचं एक मोठं चित्र काढून द्यायचं आहे. वाशीमच्या नव्या बैठकीत लावायचंय. “या मास्तर, घर आपलंच समजा,” जानराव म्हणाले. जेवताना मी त्यांना सांगितलं की नागपूरच्या ड्रॉइंगच्या परीक्षेत मी दुसरा आलो होतो. दोनदा सांगितलं. एकदा पुरे होतं.

११ मे

सकाळी जानरावांनी सगळं हिंडून दाखवलं. वाळ्याच्या पडद्यांची खोली, तळघर, कारंज्याची जुनी शिशाची नळी. मनकर्णाबाई — त्यांच्या मंडळी — दारातूनच हळूच चुका दुरुस्त करत होत्या. “पोपट सतरा हायेत, अठरा नाही.” मोजले. सतराच!

मग संत्र्यांची बाग पाहिली आणि तोंडच उतरलं. पानं सुकून वळलेली, निम्मी खाली पडलेली. जमीन भेगाळलेली. आणि पंचवीस पावलांवर हौद काठोकाठ भरलेला!

देवला माळ्याला विचारलं. तीस वर्षं बागेत आहे, बागेतच झोपडी. बायको पंचफुला.

“झाडं ताणावर हायेत, मास्तर. मिरगापर्यंत पान्याचं नाव नाही.”

“अस्सं, अस्सं,” मी म्हणालो. जाणत्या माणसासारखी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं! वऱ्हाडात जन्मलो, पण बाप सरकीच्या बाजारात माप करणारा. आमच्या घरात तुळस सोडून झाड नाही. विचारायला लाज वाटली. मास्तरांना एवढंही ठाऊक नाही, असं म्हणाला असता.

१२ मे

घर छान उतरतंय. बाग नाही. हिरवा रंग लावायचा तरी कुठं? काटक्या रंगवून नेल्या तर बैठकीत कोण लावेल? हा देवला आळशी आहे, दुसरं काय. मृगावर भिस्त ठेवून बसलाय. भरलेल्या हौदापाशी झाडं तहानेनं मरतायत आणि हा खुरपं घेऊन गवत उपटतोय!

१३ मे, दुपारी

आज एक पुण्याचं काम केलं.

सगळे जेवून आडवे झाले होते. देवला गावात गेलेला. हौदाच्या तळाशी मोरीत एक लाकडी बूच असतं, चिंध्या गुंडाळलेलं. बाहेरच्या बाजूनं उपसलं. काय जोर त्या पाण्याचा! दांडाच्या चरीतून धावत धावत आळ्यांमध्ये गेलं. जवळची चाळीसेक झाडं भरली. मातीला असा काही वास सुटला की मला स्वतःलाच थंड वाटलं.

पाणी चालू होतं तोवर कट्ट्यावर बसून हौदाचं एक चित्र काढलं. उठताना निळ्या रंगाची वाटी कलंडली, दगडावर हातभर डाग. नंतर पुसू म्हटलं. बूच नीट बसवून आलो.

१३ मे, संध्याकाळी

लिहायला हात उठत नाही. पण लिहितो.

देवलानं आळी पाहिली. मग तो जानरावांपुढं येऊन उभा राहिला, हातात ओली माती.

“मालक, ताण तुटला.”

जानराव चहा पीत होते. मीही. तेव्हा मला कळलं — जानरावांच्या आरडाओरड्यातून कळलं! दीड महिना झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं. मग मृगाचं पाणी लागलं की ते फुलानं लगडतं. “आंदीच पानी देल्लं तं नुसता पाला फुटते! चाळीस झाडं गेली यंदा! बूच कोनं काढलं?”

देवला एकदा माझ्याकडं पाहून खाली बघायला लागला.

“माह्याच हातून ढिलं राह्यलं असन, मालक.”

“तीस वर्सं झाली तुले! म्हातारा झाला तू. मिरगाच्या आंदी झोपडं खाली कर.”

माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवला. तोंड उघडलं होतं मी. शप्पथ, उघडलं होतं. आणि त्यातून काय निघालं? “चहा छान झालाय, वहिनी.”

रात्री पुरणपोळी होती. दोन खाल्ल्या. मी!

१४ मे

सकाळी उठून पहिल्यांदा कट्ट्यावर गेलो. डाग पुसायला. ती पुराव्याची भीती; पश्चात्ताप वगैरे काही नाही. खरं ते लिहावं.

डाग नव्हता. दगड स्वच्छ. पंचफुलानं धुणं धुतलं असेल तिथं. सुटलो असं वाटलं, आणि असं वाटल्याची किळस आली.

१७ मे

रोज ठरवतो, आज सांगू. सकाळी जानराव पूजेत असतात. दुपारी झोपतात. संध्याकाळी माणसं असतात. कारणं मला घरबसल्या मिळतात.

२१ मे

चाळीस झाडांना पालवी आली. पोपटी, लुसलुशीत. बाकीची सगळी काटक्याच, आणि मधे ही चाळीस मिरवतायत. जानराव तिकडं पाहत नाहीत. देवला एकेका झाडाला हात लावून हिंडतो.

मी ती रंगवली. होय, रंगवली. हवा होता तो हिरवा मिळाला. चित्र फार सुंदर झालंय, हीच तर लाज!

२४ मे

देवला गेला. पंचफुलाचा भाऊ केनवडला असतो, त्याच्याकडं. दोन गाठोडी, एक कोंबडी, कलमाचा चाकू.

पंचफुला सज्ज्याखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं लिंबाच्या लोणच्याचं गाडगं पुढं केलं. “रस्त्यानं खासान, मास्तर. पाहुन्याले रिकाम्या हातानं कसं धाडाव?”

“चित्र पाहू देसान?” देवला म्हणाला. दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. “झाडं बरोबर हायेत,” म्हणाला आणि गेला.

मी त्याला दारापर्यंतही पोचवलं नाही.

९ जून. कारंजा

गाडगं फडताळात आहे. उघडलेलं नाही. वर्गात पोरं ओरडली तरी माझा आवाज चढत नाही आताशा. कोणत्या तोंडानं ओरडू?

६ जुलै

जानरावांचं पत्र. चित्र बैठकीत लावलं, येणारा जाणारा वाहवा करतो. बाकीची झाडं फुलांनी भरली, ती चाळीस नुसती पाल्याची. नवा माळी हरिसिंग कामाला बरा, पण झाडांशी बोलत नाही. ‘देवला बोलायचा,’ असं खाली बारीक अक्षरात.

लगेच बसून सगळं लिहिलं. बूच मी काढलं. अज्ञानानं काढलं, चित्रासाठी काढलं, आणि भ्याडपणानं गप्प बसलो. देवलाला परत बोलवा. तीन ओळी खोडाव्याशा वाटल्या. खोडल्या नाहीत. टपालात टाकून आलो. पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला आणि आज दोन महिन्यांनी नीट जेवलो.

१९ जुलै

जानरावांचं उत्तर. शब्दशः उतरवून ठेवतो, म्हणजे मला पुन्हा कधी विसर पडणार नाही.

‘आपलं पत्र घरात सर्वांना वाचून दाखवलं. गरिबाची भाकर वाचावी म्हणून दोष स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस या काळात दुर्मिळ! केनवडला माणूस धाडून देवलाला विचारलं. बूच माझ्याच हातून ढिलं राहिलं, असंच तो म्हणाला. तेव्हा आपण मनाला लावून घेऊ नये. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासारखा मोठ्या मनाचा पाहुणा आमच्या घरी राहिला, हे आमचं भाग्य.’

मोठ्या मनाचा! कुठं तोंड लपवू?

२ ऑगस्ट

केनवडला जाऊन आलो. देवला दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन निंदायला, बायांच्या ओळीत. बांधावर आला. मी पायावर डोकं ठेवायला वाकलो तर मागं सरला.

“खोटं का सांगितलंस तू?” मी विचारलं.

त्यानं कमरेची चिंधी सोडून दाखवली. निळी. धुऊन धुऊन फिकी झालेली, पण माझाच निळा.

“मालकाच्या घरचा पाहुना व्हते तुमी. मालकाची मान खाली गेली असती. म्हनून त्याच सांजेले या चिंधीनं डाग पुसला. वाटलं, मास्तर शिकेल मानूस हाय, सकाळपर्यंत स्वतःच सांगीन.”

“आता चल ना परत. मी समोर उभा राहून सांगतो.”

“आता नाही. तीस वर्सं बूच लावलं म्या, आन त्या सांजेले मालकानं मले एक डाव बी इचारलं नाही, देवला, खरंच तूच का? जाऊ द्या, मास्तर.”

चिंधी पुन्हा कमरेला गुंडाळून तो ओळीत जाऊन बसला. निघताना पंचफुलानं विचारलं, लोणचं मुरलं का.